जेसीबीने गाजर गवत जात नाही

रविवारच्या पुरवणीतील ‘नवी जमीन घेताना’ हा लेख वाचला. सातबारा, फेरफार, मोजणी याविषयीची माहिती उपयुक्त आहे. मात्र जमिनीवर माजलेले गाजर गवत ‘जेसीबी लावून एका दिवसात साफ करावे’ हा सल्ला पटला नाही.

भारतात हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले आणि पुढे देशभर पसरले, ते त्याच्या बियांच्या बळावर. एकेक झाड हजारो बारीक बिया टाकते आणि त्या मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. फुलावर आलेल्या गवतावर यंत्र फिरवले की बी साऱ्या रानात पसरते, यंत्राच्या चाकांना लागलेल्या मातीबरोबर शेजारच्या शेतातही जाते. रान दोन महिने स्वच्छ दिसते, पुढच्या पावसात पुन्हा हिरवेगार होते. नव्या मालकाचे पैसे मात्र गेलेले असतात.

पावसाळ्यात, जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी गवत मुळासकट उपटणे हाच खात्रीचा मार्ग आहे. हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. या गवताने त्वचेला खाज सुटते, दमेकऱ्यांना त्रास होतो. मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी फेकावे, तो गाजर गवताला वाढू देत नाही. या गवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे सोडण्याचा उपायही आपल्याकडे १९८० च्या दशकापासून वापरात आहे. हे काम सलग तीन-चार पावसाळे करावे लागते, हे खरेदीपूर्वीच सांगायला हवे.

– एक वाचक, सासवड