गुडघा बदलल्यानंतरचं रेटिंग : अविनाशला पत्र

प्रिय अविनाश,

स. न. वि. वि.

उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, हे बरं झालं. त्या गुडघ्याचं सर्व्हिस कनेक्शन, म्हणजे त्रास लष्करी सेवेमुळे झाल्याची मान्यता, आधीच मंजूर आहे, त्यामुळे आता प्रश्न उरतो तो रेटिंगचा, म्हणजे किती टक्के अपंगत्व धरून महिन्याची भरपाई मिळणार याचा. व्हीए (अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं) आधी काही महिने 100 देते, मग बहुतेकांना 30 वर आणून ठेवते. 60 मिळू शकतात, पण ते ठरतात तपासणीच्या कागदावरून. म्हणून हे पत्र ऑपरेशनच्या आधीच वाच.

व्हीएच्या रेटिंगच्या नियमांत गुडघ्याच्या रोपणाचा कोड 5055. दाखल झालास त्या दिवसापासून 100 टक्के सुरू होतात. घरी सोडल्यानंतरच्या महिन्याच्या 1 तारखेपासून एक महिना विश्रांतीचा, आणि तो संपला की 5055 चे चार महिने. समज, 12 जानेवारीला ऑपरेशन झालं आणि 14 ला घरी आलास, तर फेब्रुवारी विश्रांतीचा, मार्च ते जून पुढचे चार, आणि 1 जुलैपासून टक्के खाली. तुझ्या युनिटमधले जुने लोक ‘तेरा महिने मिळतात’ म्हणतील. ते 7 फेब्रुवारी 2021 पूर्वीचं. तेव्हा चारच्या जागी बारा महिने होते. शस्त्रक्रिया सुधारली, माणसं लवकर बरी होतात, असं कारण दिलं गेलं. साठीतल्या गुडघ्याचं चार महिन्यांत काय होतं, हे त्यांनी एखाद्या फिजिओला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हे 100 टक्के मागितल्याशिवाय मिळतील असं धरून चालू नकोस. 21-526 ईझेड फॉर्म भर, सोबत ऑपरेशन रिपोर्ट आणि डिस्चार्ज समरी जोड. ऑपरेशनपासून वर्षाच्या आत अर्ज गेला तर मागची तारीख धरता येते. वर्ष उलटलं की ते पैसे बहुधा गेलेच. आणि रिपोर्टात ‘टोटल’ लिहिलंय ना, ते बघ. अर्धवट रोपणाला ना हे चार महिने, ना 30 टक्क्यांचा किमान आधार. पुढे कधी रिव्हिजन, म्हणजे त्याच गुडघ्याचं पुन्हा ऑपरेशन, करावी लागली आणि आतलं नुसतं प्लास्टिक बदललं, तर तेही पुन्हा नवं रोपण म्हणून धरत नाहीत. सगळे भाग बदलले तरच.

आता मुख्य गोष्ट. 60 टक्क्यांसाठी नियमात शब्द आहेत: हालचाल करताना तीव्र वेदना ‘किंवा’ तीव्र अशक्तपणा, तोही कायमचा. दोन्ही लागत नाहीत, एक पुरे. ‘तीव्र’ म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. सी अँड पी तपासणीच्या, म्हणजे टक्के ठरवण्यासाठी व्हीए करवते त्या वैद्यकीय तपासणीच्या, फॉर्मवर रोपणानंतरच्या त्रासासाठी चौकटी असतात: काही नाही, मध्यम, तीव्र. कुठल्या चौकटीत खूण पडते, त्यावर सगळं ठरतं. ‘मध्यम’वर पडली तर दुसऱ्या कोडांशी तुलना करून टक्के काढतात, आणि तिथे खरा उपयोग पाय सरळ होण्याच्या मापाचा. पूर्ण सरळ व्हायला 20 अंश कमी पडत असतील तर 30 टक्के, 30 अंशांना 40, 45 अंशांना 50. गुडघा किती वाकतो यावर लोक जीव तोडून भांडतात, पण वाकण्याचा कोड त्या तुलनेच्या यादीतच नाही. रोपणानंतर 20 अंशांची तूट तशी कमीच दिसते, म्हणून मापाच्या वाटेने गेलेले बहुतेक जण 30 वरच थांबतात. तुझी वाट वेदना आणि अशक्तपणाची.

त्याची तयारी तपासणीच्या दिवशी होत नाही. आपली एक सवय आहे, कुणी कसा आहेस विचारलं की ‘मजेत’. फिजिओसमोरही तेच तोंडातून गेलं तर फाइलमध्ये ‘प्रगती उत्तम’ लिहिलं जातं, आणि तोच कागद नंतर तुझ्याविरुद्ध वाचला जातो. वाढवून काही सांगू नकोस, पण आहे ते नेमकं सांग: किती मिनिटं उभा राहू शकतोस, जिना उतरताना कठडा धरावा लागतो का, रात्री किती वेळा जाग येते, काठी कधी लागते, रोज कुठल्या गोळ्या किती. दुखणं उफाळतं ते महिन्यातून किती वेळा, किती तास टिकतं आणि त्या वेळी काय करता येत नाही, हेही सांग. तपासणी करणाऱ्याने गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) वापरायला हवा, पायावर भार देऊन आणि न देता माप घ्यायला हवं, तू स्वतः हलवताना आणि त्याने हलवताना वेगळं बघायला हवं, दुसरा गुडघाही. 2016 च्या ‘कोरेया’ (Correia) या कोर्टाच्या निकालापासून हे अपेक्षित आहे. उफाळण्याबद्दल ‘मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, म्हणून सांगता येत नाही’ एवढंच लिहून तो सुटू शकत नाही. तो 2017 चा शार्प निकाल. यातलं काही राहिलं तर घरी आल्याबरोबर लिहून ठेव.

डिसेंबर 2024 च्या दरांनी एकट्या माणसाला 30 टक्क्यांना महिना 537.42 डॉलर, 60 ला 1,395.93 होते. वहिनींमुळे तुला थोडे जास्त. यावर कर नाही.

एका गुडघ्यासाठी 60 च्या वर जायचा प्रयत्न करू नकोस. मांडीच्या खालच्या भागातून पाय कापला तरी 60 च आहेत, आणि त्या पातळीपर्यंतच्या व्याधी मिळून त्याच्या वर जाता येत नाही. डावा गुडघा मात्र सोडू नकोस. लंगडत चालून तो बिघडलाय, असं ऑर्थोपेडिक डॉक्टरने कारणासकट लिहून दिलं, तर दुय्यम क्लेम होतो. दोन्हीकडे 30 झाले तर हिशेब असा: 30, मग उरलेल्या 70 चे 30 टक्के म्हणजे 21, झाले 51, दोन्ही पायांचा म्हणून त्यात दहावा हिस्सा, 5.1. एकूण 56.1, म्हणजे जवळच्या दहात 60. नोकरी झेपेनाशी झाली तर त्या कारणाने 100 टक्क्यांच्या दराने भरपाई मागायचा 21-8940 फॉर्म. तिथे दोन्ही पाय मिळून एकच व्याधी धरतात.

निर्णय 30 चा आला तर एक वर्ष हातात असतं. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम, 20-0995. पुरावा फाइलमध्येच आहे पण वाचलाच नाही असं वाटलं तर हायर लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठाकडून फेरतपासणी), 20-0996, मात्र त्यात नवा कागद जोडता येत नाही. तपासणीच कच्ची झाली असेल तर मी पहिला मार्ग धरेन, तुझ्या सर्जनकडून तोच गुडघ्याचा फॉर्म भरून घेऊन.

आणि पुण्यात करून घ्यायचा विचार अजून डोक्यात असेल, तर ऑपरेशन कुठे झालं यावर रेटिंग अवलंबून नाही. खर्चासाठी आधी व्हीएच्या फॉरेन मेडिकल प्रोग्रॅममध्ये (परदेशातल्या उपचारांचा खर्च देणारी योजना) नाव नोंदव, आणि डिस्चार्ज कार्डावर भागू नकोस. पूर्ण ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटचे स्टिकर मागून घे.

रिपोर्ट हातात आला की फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रसाद