‘साभार : इंटरनेट’ म्हणजे नक्की कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘आपले फोटो चोरीपासून कसे वाचवाल?’ हा लेख वाचला. लेख चांगलाच आहे. पण त्याच्या डोक्यावर धबधब्याचा जो फोटो छापलाय, त्याखाली बारीक अक्षरांत ‘छायाचित्र साभार : इंटरनेट’ असं लिहिलंय. हे इंटरनेट नावाचे गृहस्थ राहतात कुठे? भर पावसात त्या निसरड्या कड्यावर कॅमेऱ्यावर छत्री धरून तेच उभे होते का? त्यांचा पत्ता मिळाला तर बरं होईल, माझाही त्यांच्याशी थोडा हिशेब बाकी आहे.

फोटोवर नावाचा वॉटरमार्क टाका, राइट क्लिक बंद करा, फोटो लहान करून टाका, ही सगळी औषधं मी घेऊन झालोय. राइट क्लिक बंद केलं, तरी स्क्रीनशॉट काढणाऱ्याचा हात कोण धरणार? फाइलच्या पोटात नाव-पत्ता भरून ठेवला, तर एकदा फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून गेली की ते पोट रिकामं. लहान फोटोचं म्हणाल तर माझा फोटो जेमतेम १२०० पिक्सेलचा होता आणि त्याचा दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स झाला. फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघायचा असतो, त्याला बारकावे कशाला लागतात!

तो फोटो वारीच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ होणाऱ्या उभ्या रिंगणातला, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतात त्यातला. दोन वर्षांपूर्वीच्या वारीत पहाटेपासून जागा धरून बसलो होतो. दोन्ही अश्व समोरून गेले, माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली, आणि त्यात एक म्हातारी अशी वाकली की घोड्याची शेपूट आणि तिचा हात एकाच चौकटीत आले. असा क्षण मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही. नेटवर टाकताना उजव्या कोपऱ्यात नाव घातलं, आपल्या लेखात सांगितलंय अगदी तसंच.

पुढच्या आषाढीला आमच्या चौकात फ्लेक्स लागला. जिथं माझं नाव होतं, बरोबर त्याच कोपऱ्यात एक भावी नगरसेवक हात जोडून उभे! म्हातारी कापून टाकलेली. साहेबांची नजर घोड्याकडे जावी म्हणून सगळा फोटो उलटा फिरवलेला. विणेकरी एका रात्रीत डावखुरा झाला, टाळकऱ्याचं घड्याळ उजव्या मनगटावर गेलं. साहेबांचं मात्र सरळ होतं, कारण त्यांचा फोटो पैसे देऊन काढलेला होता.

फ्लेक्सवाला म्हणाला, “दादा, गुगलवरून घेतला, तिथं सगळं फुकट असतं.” साहेबांच्या कार्यकर्त्यानं तर मलाच लाजवलं. “माउलींच्या फोटोचे पैसे मागता?” माउलींच्या फोटोवर स्वतःचा चेहरा चिकटवताना कुणाला काही वाटलं नव्हतं, मी बिल पुढं केलं तेव्हा भक्ती जागी झाली. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी आपुलकीनं विचारलं, “कॅमेरा आहे ना तुमच्याकडे? मग चोरीला काय गेलं?”

कायदा नाही असं नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. हक्क कुणाचा हे सांगणारी माहिती जाणूनबुजून काढून टाकली तर त्याच कायद्याच्या कलम ६५ब खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. लग्नाच्या फोटोंचं वेगळं. पैसे घेऊन काम केलं आणि करारात काही वेगळं ठरलं नसेल, तर तो हक्क ऑर्डर देणाऱ्याचा. पोटासाठी मी लग्नंच करतो आणि तो नियम कुरकुर न करता पाळतो. रिंगणाची ऑर्डर मला कुणी दिली नव्हती. वेबसाइटवाल्यांकडे लेखी तक्रार गेली की ३६ तासांत फोटो दिसेनासा करायचा, असा नियम आहे. चौकातल्या फ्लेक्सला ३६ तास कोण मोजणार? तो बारा दिवस टांगून होता. शेवटी वाऱ्यानं फाटला म्हणून उतरला, तोवर एसटीच्या थांब्यावरची पाटी त्याच्यामागे झाकलेली होती.

आपल्या लेखात नसलेली एक गोष्ट मात्र मला उपयोगी पडली. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, आणि त्या फोटोच्या आगेमागे काढलेल्या अकरा फ्रेम मी जपून ठेवल्या होत्या. घोडा येताना, घोडा जाताना, म्हातारी उठून उभी राहताना. चोराकडे एकच फोटो असतो. त्या अकरा फ्रेम टेबलावर मांडल्यावर फ्लेक्सवाल्यानं नाइलाजानं पंधराशे रुपये दिले. पावतीवर लिहिलं, ‘डिझाइनचे’. फोटोचे म्हणून लिहायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर आपली पावसाळी छायाचित्र स्पर्धा जाहीर झालीय. पहिलं बक्षीस छत्रीचं. नियम क्रमांक नऊ भिंग लावून वाचला : ‘आलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ जिंकलेल्यांचेच नाही, आलेल्या सर्वांचे. पान तीनवर चोरीपासून वाचायचे उपाय आणि पान आठवर ही सोय! फ्लेक्सवाल्यानं निदान एकच फोटो उचलला होता, आणि तोही न विचारता, छत्रीचं आमिष न दाखवता. नियम नऊ तेवढा बदला. बदललात तर मीही फोटो पाठवीन, छत्री दुसऱ्या कुणाला दिलीत तरी चालेल.

आपला,
एक स्टुडिओवाला, फलटण

ता. क. : पत्रासोबत मुद्दामच फोटो पाठवलेला नाही. पत्राच्या शोभेला रिंगणाचा एखादा फोटो लावावासा वाटला, तर कृपया ‘इंटरनेट’कडून घेऊ नका. तो माझाच निघायचा.