हजेरीच्या वहीतून

प्रिय लेकीस,

प्रभूच्या नावाने सलाम आणि पुष्कळ प्रेम.

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "बाबा, मी चर्चला जात नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं का?" मी "छे गं" म्हणालो आणि विषय बदलला. ते खरं नव्हतं. वाईट वाटतं. पण नेमकं कशाचं, ते बोलताना सुचेना, म्हणून लिहायला बसलोय.

तुला ठाऊकच आहे, गेली एकोणीस वर्षं उपासनेच्या हजेरीची वही माझ्याकडे आहे. दुसरं गीत सुरू झालं की मी मागच्या बाकाशी उभा राहतो आणि नजरेनेच डोकी मोजतो. तीन रकाने: पुरुष, स्त्रिया, मुलं. वहीच्या पहिल्या पानांवर मुलांचा आकडा चाळीसच्या खाली क्वचितच गेलेला दिसतो. परवाच्या रविवारी मी सहा लिहिले. लिहिण्याआधी पुन्हा मोजून पाहिलं, सहाच होते.

हे एकट्या आपल्या चर्चचं दुखणं नाही. अमेरिकेत गॅलप ही संस्था १९३७ पासून लोकांना विचारत आली आहे, की तुम्ही चर्चचे किंवा इतर कुठल्या प्रार्थनास्थळाचे सभासद आहात का. १९९९ साली ७० टक्के लोक 'हो' म्हणाले होते. २०२० साली ४७ टक्के. निम्म्याच्या खाली हा आकडा त्याआधी कधीच गेला नव्हता. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत ५९ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, २०२१ मध्ये ४६ टक्क्यांनी. जर्मनीत चर्चचा कर मिळकतीतून कापला जातो आणि सभासदत्व सोडायचं तर सरकारी कचेरीत जाऊन तसं नोंदवावं लागतं. २०२२ या एका वर्षात तिथे पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी तशी नोंद केली. त्याच वेळी आफ्रिकेत चर्चं भरून वाहताहेत. १९१० साली जगातले दोनतृतीयांश ख्रिस्ती युरोपात होते. शंभर वर्षांनी तिथे चौथा हिस्सा उरला, आणि जवळपास तेवढेच सहाराच्या दक्षिणेला झाले. म्हणजे विश्वास आटला असं मी मानत नाही. पण ज्या बाकांवर माझी हयात गेली ते रिकामे होताना पाहणं जड जातं, एवढं मात्र खरं.

बरीच वर्षं मी याचा दोष मोबाइलला दिला, सुट्टीच्या क्लासेसना दिला, तुमच्या पिढीला दिला. रविवार रविवारसारखा राहिला नाही, असं आमच्या वयाची माणसं सारखी म्हणतात. त्यात तथ्य आहे. रविवारी दुकानं उघडी, सामने रविवारी, तुझी ड्युटी रविवारी. इंग्लंडमध्ये तर १९९४ साली कायदाच बदलून मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास उघडं राहायची परवानगी मिळाली. पण रविवारची सुट्टी काही प्रभूने दिलेली नव्हती. ती सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये हुकूम काढून दिली. त्याआधीची तीनशे वर्षं आपली माणसं कामाच्या दिवशीच जमत होती. प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने इ.स. ११२ च्या सुमारास आपल्या बादशहाला लिहून कळवलं होतं, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र येतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत गातात. उजाडण्यापूर्वी, बहुधा उजाडल्यावर कामावर जायचं असे म्हणून. हे वाचल्यापासून तुझ्या ड्युटीचा राग करणं मी सोडून दिलं. (आणि बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात, कित्येकांनी एकत्र मिळणं सोडलंय, अशी तक्रार तेव्हाही आहेच.)

तुझ्या न येण्याचं कारण ड्युटी नाही, हे मला माहीत आहे. तू सोळा वर्षांची होतीस. घटस्फोट झाला म्हणून एका बाईंना गायनमंडळातून बाजूला केलं, आणि तू सभेत उभी राहून विचारलंस, की ज्या शोमरोनी बाईला पाच नवरे झाले होते तिच्याकडे येशूने स्वतः पाणी मागितलं, मग आपण यांना गाऊ का देत नाही? तुला उत्तर मिळालं, लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. मी तिथे होतो. मांडीवर वही होती. मी खाली पाहिलं. प्रश्न तुझा बरोबर होता आणि मला तो बरोबर आहे हे त्याच क्षणी कळलं होतं. त्या बाई पुढच्या रविवारपासून आल्या नाहीत, आणि दोनेक महिन्यांत तूही यायची थांबलीस. मी स्त्रियांच्या रकान्यात दोन कमी लिहिले आणि वही मिटली. त्या गप्प बसण्याबद्दल मी तुझी माफी मागतो. ती आजवर मागितली नव्हती. २००२ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि ते वर्षानुवर्षं झाकून ठेवणारे वरिष्ठ उजेडात आणले, तेव्हा जगभर पुष्कळांनी चर्चकडे पाठ फिरवली. मला वाटतं, पाप करणाऱ्यांइतकीच खाली पाहणाऱ्यांनीही बाकं रिकामी केली आहेत, आणि त्यांत मी आहे.

मग तू यावंस असं मला का वाटतं? आपल्या भाषेत चर्चला 'मंडळी' म्हणतात. मंडळी म्हणजे माणसं, भिंती नव्हेत. बायबलात प्रेषित पौल रोमकरांना लिहितो तेव्हा प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. मला तेवढंच म्हणायचंय, आणि ते मला एका पिशवीने शिकवलं.

खांबाजवळच्या बाकावर एक आजी बसतात. मैत्रिणीसाठी जागा राखायला शेजारी पिशवी ठेवायच्या. मैत्रीण देवाघरी गेली, तरी पिशवी ठेवतात. एका रविवारी मी आकडा लिहून मोकळा झालो, आणि आठ वर्षांचा एक मुलगा येऊन विचारतो, "पिशवीवाल्या आजी कुठायत?" त्या सहातलाच एक. उपासनेनंतर आम्ही दोघं-तिघं त्यांच्या घरी गेलो. गुडघ्याने जिना उतरवत नव्हता. दार उघडलं, पण आजींना आधी आवाजच फुटेना. मग म्हणाल्या, "चार दिवसांत कुणाशी बोलले नाही, म्हणून घसा बसलाय." माझ्या वहीत त्या दिवशी नुसता एक कमी होता.

२०२० मध्ये चर्चं बंद झाली तेव्हापासून तू उपासना मोबाइलवर ऐकतेस, ते मी कमी लेखत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना त्याने फार आधार दिला. पण तिथेही पाहणाऱ्यांचा आकडाच येतो, माझ्या वहीसारखा. पिशवी आज आली का, ते त्यातून कळत नाही. तुझी पिशवी दिसली नाही तर ते लक्षात येणारं कुणी तिथे आहे का, ही माझी खरी काळजी आहे.

घरी एकट्याने विश्वास टिकत नाही का, असं तू मागे विचारलं होतंस. जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि दोनशेहून अधिक वर्षं तिथल्या लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांकडे ना पाळक होता ना चर्च. १८६५ साली नागासाकीत नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये त्यांच्यातले काही जण आले आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला हळूच म्हणाले, आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे. पण ते एकेकटे टिकले नव्हते. दर वस्तीत कामं वाटलेली होती: एक जण सणांचे दिवस मोजून ठेवायचा, एक बाप्तिस्मा द्यायचा, एक घरोघरी निरोप पोचवायचा. चर्चशिवाय त्यांचं निभावलं, मंडळीशिवाय निभावलं नसतं.

म्हणून तू आमच्याच चर्चला ये, रविवारीच ये, असा हट्ट मी धरणार नाही. तू राहतेस तिथे दोघं-तिघं शोध, कुठल्याही वारी.

की ती तुला सापडली आहेत? त्याच फोनवर तू जाता जाता म्हणालीस, सोबत काम करणाऱ्या मुलीच्या आईचं ऑपरेशन होतं, तुम्ही तिघी रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होतात. पहाटे ती म्हणाली, तुला प्रार्थना येते ना, कर. आणि तू केलीस. एवढं सांगून तू लगेच दुसरंच काही बोलायला लागलीस. मी मात्र आठवडाभर त्याच बाकावर बसलोय.

त्या आईंचं नाव कळव. बुधवारच्या प्रार्थनेत घ्यायचं आहे. आणि टाके निघाले का त्यांचे?

तुझे,
बाबा