लूपच्या आधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

ॲमेझॉनमधल्या प्रोग्रॅमरच्या नोकरीसाठी ऑनलाइन असेसमेंट झाली, फोन स्क्रीनही (फोनवरची पहिली मुलाखत) पार पडली, आता लूप आहे. काल फोनवर तुझ्या आवाजातली धाकधूक जाणवली, म्हणून सविस्तर लिहिते.

लूप म्हणजे चार-पाच मुलाखती, प्रत्येकी सुमारे तासाभराची. असेसमेंटमध्ये मुख्यतः कोड चालला की नाही ते पाहतात. लूपमध्ये समोरचा माणूस तुझं बोलणं टाइप करून घेत असतो. कीबोर्डचा आवाज येत राहील, तो मध्येच दुसरीकडे बघेल. त्याला कंटाळा आलाय असं समजू नकोस. प्रत्येक जण आपलं टिपण आणि घ्यावं की नाही हे मत, इतरांचं न वाचता, आधी लिहून देतो. मग सगळे चर्चेला बसतात. त्या बैठकीत तू नसतेस, तुझ्याबद्दलची टिपणं असतात. तेव्हा लिहून घेता येईल असं बोल.

कंपनीची नेतृत्वतत्त्वं, म्हणजे तिथे कसं काम करावं याची सूत्रं, 16 आहेत (2021 पर्यंत 14 होती). मुलाखत घेणाऱ्यांत ती वाटून दिलेली असतात, आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या तत्त्वावर ‘असा एखादा प्रसंग सांग’ म्हणून विचारतो. आपल्याकडची मुलं इथेच अडकतात. ‘मी मी करू नये’ हे घरातच शिकवलेलं, त्यामुळे प्रत्येक वाक्य ‘आम्ही’नं सुरू होतं. ‘आम्ही साइट वेगवान केली’ यातून तुझ्या नावावर काय लिहायचं? ‘ऑर्डरचं पान उघडायला 4 सेकंद लागत होते. क्वेरी पूर्ण टेबल वाचते हे मी शोधलं, इंडेक्स लावला, वेळ 600 मिलिसेकंदांवर आला’ हे जसंच्या तसं लिहिता येतं. पार्श्वभूमी अर्ध्या मिनिटात संपव, वेळ तू काय केलंस त्यावर घालव. असे सात-आठ खरे प्रसंग वहीत आकड्यांसह उतरव. दोनच तयार असले तर तोच प्रसंग तीन टिपणांत येतो आणि बैठकीत ते लगेच दिसतं. त्यात एक तरी खरी चूक असू दे, आणि वरिष्ठांशी मतभेद झालेला एक प्रसंग. ‘मी फार मेहनत करते हीच माझी चूक’ असलं उत्तर कृपा करून देऊ नकोस.

तासातला बराच वेळ या प्रश्नांत जातो, त्यामुळे कोडला अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. तरीही लगेच लिहायला घेऊ नकोस. इनपुट केवढं? रिकामी यादी येईल का? आकडे परत येतील का, ऋण असतील का? एक लाख आकडे असतील आणि तू कोडमध्ये एकात एक दोन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारे भाग, मुलाखतीचा लूप नव्हे) लावलेस, तर एक हजार कोटी वेळा काम होईल, ते वेळेत बसणार नाही. साधी पद्धत आधी तोंडी सांग, ती का चालणार नाही ते सांग, मग चांगलीकडे जा. गप्प बसून लिहिलंस तर उत्तर बरोबर येऊनही टिपणात ‘विचार कळला नाही’ असं उतरतं. समोरच्यानं सूचना दिली तर ती घे. हट्टानं आपलंच पुढे रेटणं जास्त महागात पडतं. शेवटी छोटं इनपुट घेऊन कोड हातानं चालवून दाखव. सराव ऑटो-कम्प्लीट बंद करून कर.

एक जण बार रेझर असतो, तुझ्या होणाऱ्या टीमबाहेरचा. नेमणूक अडवण्याचा अधिकार त्याला असतो. तो कोण हे ओळखत बसू नकोस, सगळ्यांशी सारखंच बोल.

एखादी फेरी बिघडली तर तिथेच सोड. पुढच्याला ते माहीत नसतं. तू पडलेल्या चेहऱ्यानं आत गेलीस तरच त्याला कळेल.

निकाल साधारण आठवड्याभरात येतो. लेखी ऑफर हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. आणि पॅकेज पाहताना शेअर वेगळे काढ: इथे बरीच वर्षं पहिल्या वर्षी 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 15 आणि बाकीचे तिसऱ्या-चौथ्या वर्षी अशी वाटणी होत आली आहे. चार वर्षांचा आकडा चारानं भागू नकोस.

सगळ्या फेऱ्या एकाच दिवशी लावल्या असतील तर दोन दिवसांत वाटून मिळतील का, हे रिक्रूटरला आजच विचार. असं विचारण्यात काही गैर नाही.

तुझी,
आई