पुण्याच्या नोकरीबद्दल

ती. आई-बाबा,

सा. न. परवा फोनवर बाबा म्हणाले, पुण्याची नोकरी चांगली आहे, घे की. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही म्हणून लिहायला बसले. मी ती नोकरी घेत नाहीये. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त आहे, कोल्हापूर जवळ आलं असतं, सगळं माहितीये. पण तिथं बाहेरून आलेलं मटेरियल वापरून बॅटरीचे सेल बनवायचे आणि मला ते मटेरियलच बनवायचंय.

आई विचारते दिवसभर नेमकं करतेस काय. तर सोडियमच्या बॅटरीसाठी लागणारी पावडर बनवते. सोडियम कार्बोनेट, मँगनीज आणि लोखंडाचे ऑक्साइड वजन करून घ्यायचे, अगेटच्या खलात हात भरून येईपर्यंत खलायचे, प्रेसमध्ये दाबून टिकडी करायची आणि रात्रभर ९०० डिग्रीला भट्टीत. बाबा, यात तुमच्या शिरोलीच्या भट्टीसारखं काही वितळत नाही. घन तो घनच राहतो, अणू एका कणातून शेजारच्या कणात हळूहळू सरकतात, म्हणून एवढा वेळ लागतो आणि बऱ्याचदा बाहेर काढून परत खलून परत भाजायचं. त्यात सोडियम थोडं उडून जातं म्हणून कार्बोनेट आधीच जरा जास्त घ्यायचं, किती ते आपापल्या भट्टीवर. टिकडी काळी होऊन येते, ती गरम असतानाच ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हवा न शिरणाऱ्या बंद पेटीत, आर्गॉन वायूखाली न्यायची, कारण हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड लागला की वरच्या वर परत कार्बोनेट व्हायला लागतं, पावसाळ्यात तर फारच. मग एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे एक्स-रे टाकून आतले अणू कसे रचलेत ते बघायचं. ग्राफवर जिथं काही नको तिथं बारकी रेघ वर आलेली दिसली की समजायचं, अजून काहीतरी उरलंय. तुम्ही वितळलेल्या लोखंडाची हीट ओतायच्या आधी नमुना काढून स्पेक्ट्रोवर बघायचा, कार्बन-सिलिकॉन बसल्याशिवाय लॅडल लावू द्यायचा नाही, कुणी कितीही घाई करू दे. ते मी लहानपणी बघितलंय, माझं तसंच आहे.

सोडियमच का, तर लिथियम बाहेरून आणावं लागतं आणि सोडियम मिठात आहे. शिवाय सोडियमच्या सेलला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल चालते, लिथियमला एका बाजूला तांबं लागतं, आणि तांब्याचा भाव तुम्हाला मी काय सांगू. वजनाच्या मानानं वीज कमी मावते हे खरं, पण सोलरची वीज रात्रीसाठी साठवायची तर वजनाचं एवढं काय.

आणि तुम्ही विचारता ते 'शोध कधी लागणार'. बाबा, या कामाला वेळ लागतोच. जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञाच्या ग्रुपनं लिथियम बॅटरीचं मटेरियल, लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, ऑक्सफर्डला १९८० मध्ये दाखवलं, सोनीची बॅटरी बाजारात आली १९९१ ला, आणि गुडइनफ यांना नोबेल मिळालं २०१९ ला, तेव्हा त्यांचं वय ९७. मला त्याहून जवळचं वाटतं ते लिथियम आयर्न फॉस्फेट, तेही बॅटरीचंच मटेरियल. १९९७ च्या त्या पेपरवर गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत, पाढी आणि नंजुंदस्वामी, दोन्ही आपल्याकडची. पहिल्यांदा त्यातून वीज नीट वाहायची नाही, मग कण बारीक करून वर कार्बनचा थर दिल्यावर जमलं, आणि आज बऱ्याच इलेक्ट्रिक बसमध्ये तेच असतं. आधी कुणीतरी ती पावडर बनवली म्हणून बाकीचं झालं ना? मला तिथं, त्या पावडरपाशी काम करायचंय. शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला असताना बीकरमध्ये बुडवलेल्या काचपट्टीवर थर चढताना बघितला होता ना, तेव्हापासून माझं मन दुसरीकडं लागलेलंच नाही.

शेजारी विचारतील अजून शिकतेयच का, त्यांना सांगा नोकरीच आहे. पैशाची काळजी करू नका, फेलोशिप वाढवून मिळालीय. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की आधी मला कळवा, भट्टीचं काम पुढं ढकलून येते, तुम्ही एकटे दवाखान्यात जायचं नाही. आणि आई, कांदा-लसूण चटणी संपलीय, इकडं कुणी येणार असेल तर पाठव.

तुमची,
मनू