घडीच्या फोनची घडी उलगडून दाखवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

रेल्वेच्या त्या प्रवासात आपले नाव विचारायचे माझ्याकडून राहून गेले आणि उतरण्याच्या घाईत धड आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडेच ठेवत आहे. समोरच्या आसनावर बसून घडीचा, म्हणजे उलगडला की आत मोठी स्क्रीन असलेला फोन सारखा उघडणारा, मिटणारा आणि त्याच्यावर चिडणारा मुद्रितशोधक तो मीच. आपण संकोचत "एक सुचवू का?" असे विचारलेत, आणि वेगवेगळ्या आकारांच्या स्क्रीनवर अ‍ॅप तपासणे हाच आपला व्यवसाय असल्यामुळे पुढचे दीड-दोन तास माझी शिकवणीच घेतलीत. त्याला आता तीन महिने झाले. आपण सांगितलेले बहुतेक सारे मी करून पाहिले आहे, तेव्हा हे पत्र जितके आभाराचे आहे तितकेच हिशेब देण्याचेही आहे.

माझी तक्रार आपल्याला आठवत असेल. फोन उघडला की सगळे नुसते फुगते, असे मी म्हणालो होतो. मेलचे अ‍ॅप उघड्या फोनवरही साध्या फोनसारखेच वागत होते. पत्रांची यादी दिसायची, एखादे पत्र उघडले की यादी नाहीशी व्हायची आणि परत येण्यासाठी मागे जावे लागायचे. एवढे पैसे मोजून मी मोठ्या अक्षरांचा एक जाड फोन विकत घेतला, अशी माझी समजूत झाली होती, आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांनी या फोनकडे लक्षच दिलेले नाही, असा निकालही मी देऊन टाकला होता. आपण अ‍ॅपला काहीच न म्हणता थेट डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलात. माझी दृष्टी अधू असल्यामुळे फोन घेतल्या दिवशीच मी डिस्प्लेचा आकार शेवटच्या खुणेपर्यंत सरकवून ठेवला होता. गोम तिथेच होती.

अ‍ॅप स्क्रीनची रुंदी पिक्सेलमध्ये नव्हे तर डीपी नावाच्या एककात मोजते, हे मला आपल्याकडून कळले. (तोपर्यंत डीपी म्हणजे माणसाचे मोबाइलवरचे छायाचित्र, एवढेच मला ठाऊक होते.) गूगलने अ‍ॅप बांधणाऱ्यांसाठी ठरवून दिलेल्या मोजमापांनुसार ६०० डीपीपेक्षा कमी रुंदी असेल तर ती साधी फोनची मांडणी, ६०० ते ८४० मध्ये मध्यम आणि ८४० पासून पुढे ऐसपैस. शेजारी-शेजारी दोन रकाने दाखवायचे की नाही, हे बरीच अ‍ॅप या आकड्यांवरून ठरवतात. तिकिटाच्या पाठीवर आपण मांडलेले गणित माझ्याजवळ अजून आहे. समजा, उघडलेल्या स्क्रीनची रुंदी ६८० डीपी आहे. डिस्प्लेचा आकार १.२ पट केला की प्रत्येक डीपी तेवढ्याच पटीने मोठा होतो आणि त्याच काचेवर त्यांची संख्या ५६७ च्या आसपास उतरते. काच तेवढीच राहते, पण अ‍ॅपच्या लेखी आपण छोट्या फोनवर आलेलो असतो. म्हणजे मोठी स्क्रीन घेऊन तिला लहान करण्याचे काम मी स्वतःच्या हातांनी केले होते, आणि दूषणे मात्र इतरांना देत होतो.

डिस्प्लेचा आकार मूळ जागी आणून फक्त अक्षरांचा आकार वाढवावा, हा आपला उपाय इतका साधा होता की तो मला सुचला नाही याची लाज वाटते. अक्षरे मोठी केल्याने रुंदीचा आकडा बदलत नाही. अँड्रॉइड १४ पासून अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, आणि ती वाढताना जी आधीच मोठी आहेत, म्हणजे मथळे वगैरे, ती त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे बारीक मजकूर वाचता येतो आणि मथळे पान गिळत नाहीत. आपण ते दोन पट्टे सरकवलेत, मेल पुन्हा उघडलेत, आणि डावीकडे यादी व उजवीकडे पत्र असे चित्र समोर आले. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण काय बोलावे ते सुचले नव्हते. फोन उभा धरला तर रुंदी एक भरते आणि आडवा धरला तर दुसरी, म्हणून एखादे अ‍ॅप दोन रकाने दाखवत नसेल तर आधी फोन फिरवून पाहावा, ही पुस्तीही आपण जोडली होती. माझ्या नोंदवहीचे अ‍ॅप खरोखरच फक्त आडव्या फोनवर दोन रकाने दाखवते.

काही अ‍ॅपच्या दोन्ही बाजूंना जे काळे पट्टे येतात, त्यांचा उलगडाही याच आकड्यापाशी येऊन थांबला. अ‍ॅप बांधणाऱ्याने ते केवळ उभ्या फोनसाठी जखडून ठेवलेले असले, तर रुंद स्क्रीनवर ते मध्येच अंग चोरून उभे राहते. २०२५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १६ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपची ही जखडण फोनची प्रणाली, म्हणजे अँड्रॉइड, मानत नाही. मात्र त्यासाठी स्क्रीनची अरुंद बाजू किमान ६०० डीपी असावी लागते, खेळ यातून वगळलेले आहेत आणि बांधणाऱ्यांना तूर्त सवलतही घेता येते. पुन्हा तेच ६००! जुन्या अ‍ॅपसाठी आपण सेटिंगमधली अ‍ॅपनिहाय लांबी-रुंदीचे प्रमाण निवडण्याची सोय दाखवलीत आणि प्रमाण बदलल्यावर अ‍ॅप पूर्ण बंद करून नव्याने उघडायला सांगितलेत. त्या उपायाने माझी तीनपैकी दोन अ‍ॅप सरळ झाली. तिसरे ताणले गेल्यावर त्यातले एक बटण स्क्रीनबाहेर गेले, म्हणून त्याचे पट्टे मी परत आणून ठेवले आहेत.

चित्रपटांच्या वरखाली येणाऱ्या काळ्या जागेबद्दल मात्र आपण कोणालाही दोष द्यायचा नाही, असे बजावले होते. स्क्रीन जवळजवळ चौरस आणि चित्र १६:९ चे, ७.६ इंचांच्या, ६:५ प्रमाणाच्या स्क्रीनवर ते कर्णाने सुमारे ६.७ इंचच भरते, हे मी घरी कागदावर मांडून पाहिले. चित्रपटासाठी कोणी मला हा फोन घेऊ का असे विचारले, तर मी आता त्याला आधी हे गणित दाखवतो.

माझ्या खऱ्या कामात आपला सर्वांत मोठा उपयोग झाला तो दोन अ‍ॅप शेजारी ठेवण्याच्या शिकवणीचा. मुद्रितशोधकाला एका डोळ्याने मूळ प्रत आणि दुसऱ्याने मुद्रित पाहावे लागते, आणि फोनवर मी हे काम आजवर एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात उड्या मारत करत आलो होतो. २०२२ च्या अँड्रॉइड १२एलपासून मोठ्या स्क्रीनच्या तळाशी जो टास्कबार, म्हणजे अ‍ॅपच्या चिन्हांची पट्टी, मिळतो, त्यावरचे चिन्ह बोटाने धरून स्क्रीनच्या कडेला सोडले की स्क्रीन दुभागते, आणि जमलेली जोडी जपून ठेवली तर पुढच्या वेळी एका स्पर्शात दोन्ही अ‍ॅप आपापल्या जागी उघडतात. माझ्या फोनवर आता अशा दोन जोड्या आहेत: पीडीएफ आणि लेखनाचे अ‍ॅप, तसेच शब्दकोश आणि मेल. स्क्रीन दुभागल्यावर मेल पुन्हा एका रकान्याची होते तेव्हा मी पूर्वीसारखा चिडत नाही, कारण अर्ध्या वाट्यात सहाशे डीपी कुठून यायचे, हे आता मला कळते. तिथे प्रत्येक अ‍ॅप साध्या फोनसारखे वागते, आणि मला तिथे तेवढेच हवे असते.

एक अडचण मात्र मला पुढे स्वतःच सोडवावी लागली. डावी-उजवी अशी वाटणी केली की पीडीएफचे पान अर्ध्या रुंदीत इतके आक्रसते की अनुस्वार दिसेनासा होतो, आणि अनुस्वार दिसला नाही तर माझ्या धंद्यात काही उरत नाही. म्हणून मी वर-खाली वाटणी करतो. वर पानाच्या ओळी पूर्ण रुंदीत येतात आणि खाली लेखन. पण मग कीबोर्ड उघडला की खालचा भाग पार झाकला जातो. शेवटी एक छोटा ब्लूटूथ कीबोर्ड जोडला आणि स्क्रीनची सारी जागा मजकुराला मोकळी करून दिली. प्रवासात तो नसतो, तेव्हा आपण दाखवलेला दुभंगलेला कीबोर्ड वापरतो. दोन्ही अंगठे आपापल्या बाजूची अक्षरे गाठतात. जोडाक्षरे सरावाची होईपर्यंत आठवडाभर माझ्या चुका मीच तपासत बसलो होतो.

अर्ज भरताना फोन मिटू नका, हे आपले वाक्य मी ऐकले आणि विसरलो, आणि त्याची किंमत एका लांबलचक ऑनलाइन अर्जाच्या रूपाने मोजली. स्क्रीन बदलली की प्रणाली अ‍ॅपला नव्या आकाराची वर्दी देते आणि बहुधा त्याचे दृश्य मोडून नव्याने उभे करते. अ‍ॅपने आधीचा मजकूर बाजूला जपून ठेवला नसेल, तर तो त्या मोडतोडीत जातो. पत्त्यापर्यंत पोहोचलेला माझा अर्ज फोन मिटून पुन्हा उघडताच पहिल्या रकान्यावर येऊन थांबला. आता असे काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच स्क्रीनवर करतो. मिटल्यावर अ‍ॅप बाहेरच्या स्क्रीनवर चालू राहावे की फोनला कुलूप लागावे, हे ठरवण्याचे सेटिंगही लावले आहे; वाचनाचे पुस्तक बाहेर येते, बाकीचे आतच राहते.

फोन अर्धवट दुमडून टेबलावर बसता ठेवण्याची युक्ती मी कौतुकाने पाहिली होती, पण माझ्याकडून ती व्हिडिओ कॉलपुरतीच वापरली जाते. ज्या अ‍ॅपना बिजागरीचा कोन कळतो ती चित्र वरच्या अर्ध्यात आणि बटणे खालच्या अर्ध्यात नेतात. बाकीची मधल्या घडीवरच पसरून राहतात. भावाच्या कुटुंबाचे छायाचित्र मात्र मी फोन पुस्तकासारखा जवळजवळ पूर्ण उघडून उभा ठेवून काढले, मागच्या चांगल्या कॅमेऱ्याने आणि बाहेरच्या स्क्रीनवर सगळ्यांना आपापले चेहरे पाहू देत.

उतरण्यापूर्वी आपण मला एक प्रश्न विचारला होता: वापरणारा म्हणून अ‍ॅपकडून तुम्हाला काय हवे? गाडी फलाटाला लागत होती आणि मला उत्तर सुचले नाही. ते आता देतो. मी दोन अ‍ॅपमधली सीमारेषा थोडी सरकवली, किंवा फोन उघडला-मिटला, की मजकूर नव्या रुंदीत पुन्हा बसतो आणि मी वाचत असलेली ओळ कुठल्या कुठे निघून जाते. लेखनाचे एक अ‍ॅप दर वेळी मला तीन परिच्छेद मागे नेते, तर शब्दकोशाचे अ‍ॅप थेट पानाच्या माथ्यावर. रकाने किती दाखवायचे, बटणे कुठे ठेवायची हे खुशाल बनवणाऱ्यांनी ठरवावे, पण रुंदी बदलण्याआधी जी ओळ स्क्रीनच्या मध्यावर होती तीच नंतरही मध्यावर राहावी. आपल्या तपासणीच्या यादीत यासाठी एक ओळ वाढवता आली, तर आपले दुसऱ्यांदा आभार मानण्याची संधी मला मिळेल.

आपला ऋणी,
समोरच्या आसनावरचा मुद्रितशोधक

ता. क. आपले पेन माझ्याकडेच राहिले आहे. तिकिटाच्या पाठीवरचे गणित आपण त्यानेच मांडले होते.