नवी डिस्क नको, जुन्या डिस्कमधलं रेकॉर्डिंग द्या

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील 4 टीबी पोर्टेबल हार्ड डिस्कबाबत तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीची डिस्क बंद पडली, एवढ्यासाठी हे पत्र नाही. यंत्र आहे, बिघडायचंच. बिघडल्यावर आपण जे उत्तर दिलं, त्याबद्दल तक्रार आहे.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक रंगतं. वडिलांनी गावची नाटकं, दंडारी, भजनं आणि घरची लग्नं व्हीएचएस कॅसेटवर उतरवून ठेवली होती. त्यातले कितीतरी नट आता हयात नाहीत. धानाच्या पट्ट्यातली पावसाळी ओल कॅसेटला सोडत नाही. फितीवर पांढरी बुरशी चढली होती. ती पुसून, एकदाच चालवून, कॉम्प्युटरवर घेतली. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, ती पळवून उतरत नाही. काही फिती चालता चालताच झडल्या. त्या पुन्हा लावण्यात अर्थ नाही.

प्रत्येक फाइलला वर्ष, गाव, नाटक आणि अंक असं नाव दिलं. दुसरी प्रत नागपूरला भावाकडे असते आणि दर दिवाळीला तिच्यात भर पडते. दिवाळीनंतर उतरवलेलं सगळं मात्र आपल्याच डिस्कवर होतं आणि नेमकी तीच गेली.

लक्षण असं : केबल लावली की दिवा लागतो, आत डिस्क फिरल्याचा आवाज येतो, पण कॉम्प्युटरला ती दिसत नाही. आपल्या नागपूरच्या अधिकृत केंद्रातल्या तंत्रज्ञाने माझ्यासमोर डबी उघडली आणि आतली डिस्क थेट मशीनला जोडली. डिस्क ओळखली गेली, क्षमताही बरोबर दाखवली आणि लगेच विचारलं, फॉरमॅट करायची का? त्यानेच सांगितलं की डिस्क ठणठणीत आहे, यूएसबीचा छोटा बोर्ड गेला आहे. पण तो बोर्ड डिस्कवर जाणारा सगळा डेटा एनक्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून, लिहितो, म्हणून बोर्डाशिवाय तो वाचता येत नाही. मी कधीही पासवर्ड लावलेला नाही. मला न विचारता माझ्याच घरच्या लग्नाला कुलूप लावलं आणि किल्ली शेंगदाण्याएवढ्या बोर्डात ठेवली, हे खोक्यावर कुठे छापलं आहे? खोक्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द आहे, 'बॅकअप'.

त्याच मॉडेलचा चालू बोर्ड लावून पाहू, असं तो तंत्रज्ञ म्हणाला होता. वरून परवानगी आली नाही. उलट फोनवर सांगण्यात आलं की जुनी डिस्क जमा करा, नवी कोरी मिळेल, जुनी परत मिळणार नाही, डेटा वॉरंटीत येत नाही. शिवाय क्लाउडवर ठेवायला हवं होतं, हा सल्ला फुकट. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) स्वरूपातलं रेकॉर्डिंग तासाला सुमारे 13 जीबी होतं. आमच्या गावच्या नेटवर ते चढवून दाखवा, चहा माझ्याकडून.

जॉबशीटवरचा शेरा तर कहर आहे : 'वापर 35 अंशांपेक्षा जास्त तापमानात झाला असण्याची शक्यता.' चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मग ही डिस्क इथे विकता कशाला? की मार्च ते जून ती विहिरीत सोडून ठेवायची?

डेटा गेला तर कंपनी जबाबदार नाही, ही अट मी वाचली आहे. पण इथे डेटा गेलेलाच नाही. तो डिस्कवर आहे आणि त्याची वाट आपल्या बोर्डाने अडवली आहे. म्हणून त्याच मॉडेलचा चालू बोर्ड लावून माझ्यासमोर फाइली दुसऱ्या डिस्कवर घेऊ द्याव्यात. तसं होत नसेल तर तांत्रिक कारण लेखी द्यावं आणि डिस्क माझ्याकडेच राहू द्यावी. वॉरंटीची बदली डिस्क त्यानंतर पाहू.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला आपल्या मुख्यालयाच्या शहरात यावं लागणार नाही. आपल्याला मात्र इकडे यावं लागेल. शक्यतो मे महिना टाळा.

तोवर डिस्क कुरिअरने पाठवणार नाही.

आपला,
एक ग्राहक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

सोबत : बिलाची झेरॉक्स, जॉबशीटची प्रत, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो